गोठ्यातली बाटली आणि शिकारी कुत्रं

या भागाचा विषय आमच्या महागावाकडच्या एका प्रश्नातून निघाला. प्रश्न साधा आहे: "बैलाले देतात ते आयव्हरमेक्टिन कुत्र्याले देल्लं तर चालते का?" उत्तर एका शब्दात देता आलं असतं, पण त्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो कळला की उत्तर आपोआप कळतं. म्हणून आज तो सांगतो.

मी मूळचा महागावचा. आमच्याकडे कुत्रं शोभेसाठी कोणी पाळत नाही. पूर्वी ते सशा-डुकराच्या मागे धावायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार गुन्हा ठरली. तेच कुत्रं आता रात्री जागलीला सोबत येतं, रोही आणि रानडुकरावर भुंकतं, शेळ्या राखतं. म्हणजे दिवसरात्र डासांत आणि गोचिडांत.

आता आजाराकडे येऊ. हार्टवर्म म्हणजे हृदयातला जंत. त्याचं शास्त्रीय नाव डायरोफिलारिया इमिटिस. मादी जवळपास एक वीत लांब, शेवयांसारखी, आणि राहते कुठं तर फुफ्फुसाच्या धमनीत आणि हृदयाच्या उजव्या बाजूला. १९०० साली इटलीत ग्रासी आणि नोए यांनी दाखवलं की हा जंत डासामार्फत पसरतो. डास चावला की अळी कातडीत शिरते आणि साधारण सहा-सात महिन्यांनी तिचा पूर्ण जंत होतो. धावणारं कुत्रं आधी दमतं, मग खोकतं, मग बसून राहतं.

यावर पहिलं मोठं औषध निघालं त्यामागे आपला एक माणूस आहे. आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीत संशोधन पाहत होते. त्यांच्या चमूनं १९४७ मध्ये डायइथाइलकार्बामाझिन म्हणजे डीईसीचे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि ते प्रयोग झाले होते उंदरांवर आणि हार्टवर्म झालेल्या कुत्र्यांवर. हत्तीरोगाच्या मोहिमेत आरोग्यसेविका समोर उभी राहून ज्या गोळ्या खायला लावते, त्यातली एक हीच. विदर्भातल्या माणसाला ती ओळखीची आहे. कुत्र्यासाठी मात्र ती रोज द्यावी लागे. शिवाय रक्तात आधीच जंताची पिल्लं असली तर एका डोसानं कुत्रं झटक्यात दगावू शकतं.

मग आली १९७० ची दशकं. जपानमध्ये सातोशी ओमुरा गावोगावची माती गोळा करायचे. इतो शहराजवळ कवाना इथं गोल्फच्या मैदानाशेजारच्या मातीत त्यांना एक जिवाणू सापडला. तो अमेरिकेत मर्क कंपनीकडे गेला. तिथं विल्यम कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी त्याच्यापासून जंतनाशक काढलं. आयव्हरमेक्टिन १९८१ मध्ये जनावरांसाठी बाजारात आलं. १९८७ मध्ये कुत्र्यांची महिन्याला एकदा द्यायची गोळी आली आणि त्याच वर्षी मर्कनं आफ्रिकेतल्या नदी-अंधत्वासाठी माणसांचं औषध फुकट द्यायचं ठरवलं. २०१५ मध्ये ओमुरा आणि कॅम्पबेल यांना नोबेल मिळालं. २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगाच्या मोहिमेत डीईसी आणि अल्बेंडाझोलसोबत हेच औषध माणसांना दिलं गेलं.

आता मूळ प्रश्न. अमेरिकेच्या दक्षिणेत लोक वीस-वीस शिकारी कुत्री पाळतात. दर महिन्याला इतक्या गोळ्या कोण घेणार? औषध तर एकच आहे, म्हणून त्यांनी गाईची बाटली आणली. विचार चुकीचा नव्हता. घोळ आकड्यांत आहे, तो नीट ऐका.

गाईला किलोमागे २०० मायक्रोग्रॅम लागतं. कुत्र्याला हार्टवर्म टाळायला महिन्याला किलोमागे फक्त ६. गाईचं एक टक्क्याचं इंजेक्शन घेतलं तर एका मिलिलिटरमध्ये १०,००० मायक्रोग्रॅम असतात. वीस किलोच्या कुत्र्याला लागतात १२०. म्हणजे एका मिलिलिटरचा साधारण ऐंशीवा भाग! इन्सुलिनच्या सिरिंजवरची जेमतेम एक रेघ. आणि आपल्याकडे हातात असते बैलाची सिरिंज. "अर्धा सीसी दे रे" म्हणत अर्धा मिलिलिटर दिला तर ते गरजेच्या चाळीसपट होतं.

काही कुत्री तेही सोसतात, म्हणूनच "आमच्याला काही झालं नाही" हे वाक्य गावभर फिरतं. पण कोली जातीची कुत्री असल्या डोसानं झोकांड्या खात पडायची, आंधळी व्हायची, मरायची. कारण २००१ मध्ये सापडलं: त्यांच्या एका जनुकात बिघाड असतो आणि औषध मेंदूत शिरण्यापासून रोखणारा पहारा ढिला पडतो. हा बिघाड कोलीच्या नात्यातल्या इतर जातींत आणि त्यांच्या संकरांतही आढळतो. आपल्या कुत्र्याची आजी कोण होती, हे कोणाला माहीत असतं? आणि एकदा विषबाधा झाली की त्यावर खास उतारा नाही. सलाईन लावून वाट पाहायची.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हार्टवर्म भारतात ठळकपणे दिसतो तो ईशान्येकडे. आपल्याकडच्या कुत्र्याचा जुना वैरी वेगळा आहे. १९१० मध्ये पॅटन नावाच्या शास्त्रज्ञानं मद्रास हंटच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात एक परजीवी शोधला. आज त्याला बबेशिया गिब्सोनाय म्हणतात. तो गोचिडातून येतो, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, कुत्र्याच्या हिरड्या पांढऱ्या पडतात. ताप, मलूलपणा, दम लागणं, सगळं वरवर सारखंच दिसतं. आयव्हरमेक्टिननं हा आजार बरा होत नाही. म्हणजे माणूस बाटलीतलं औषध टोचून निर्धास्त होतो आणि कुत्रं भलत्याच आजारानं जातं. मला खरी काळजी याची वाटते.

तेव्हा उत्तर असं. औषध तेच आहे, बाटली ती नाही. कुत्रं दमायला लागलं की आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रक्त तपासून घ्या. वजन करा, अंदाज नको. डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि दर आठवड्याला कानामागच्या, बोटांमधल्या गोचिडी हातानं काढून रॉकेलच्या डब्यात टाका. त्याला पैसा लागत नाही.

तुमच्या गावाकडे कुत्र्यांना काय देतात, ते आम्हाला नक्की कळवा.