‘ॲक्स’ : कुऱ्हाडीपलीकडचे अर्थ

इंग्रजीतील ‘ॲक्स’ म्हणजे कुऱ्हाड, एवढ्यावर विद्यार्थी थांबतो आणि पुढे फसतो. क्रियापद होताच हा शब्द खर्च, योजना वा नोकरी एका फटक्यात रद्द करणे असा अर्थ देतो. १९६३ मध्ये रिचर्ड बीचिंग यांनी ब्रिटनमधील तोट्यातील लोहमार्ग बंद करण्याची शिफारस केली. ती कपात आजही ‘बीचिंग ॲक्स’ म्हणून ओळखली जाते. येथे मराठी अडत नाही, कारण आपल्याकडेही नोकरीवर कुऱ्हाड कोसळतेच. वादकांच्या बोलीत मात्र ‘ॲक्स’ म्हणजे गिटार. पूर्वी सॅक्सोफोनलाही तसे म्हणत.

खरा धोका ‘ॲक्स टु ग्राइंड’ या प्रयोगात आहे. त्याचा धार लावण्याशी संबंध नाही. अर्थ आहे अंतस्थ स्वार्थ. साक्षीदाराकडे तशी ‘ॲक्स’ नाही म्हणजे तो निःस्वार्थ आहे, निःशस्त्र नव्हे. शब्दशः भाषांतराने त्याच्या साक्षीचे मोलच हरवते.

उलट दिशेनेही हीच अडचण येते. कलबुर्गी जिल्ह्यातील करजगीच्या सीमाभागात मराठी कुऱ्हाडीशेजारी कन्नड ‘कोडली’ नांदते. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण कन्नडातही त्याच आशयाने आहे : झाडाचेच लाकूड दांडा होऊन झाडावर उलटते. इंग्रजी ‘ॲक्स’ला घरभेदेपणाची ही छटा नाही, तेथे दांडा बाजूला ठेवून विश्वासघात असे सरळच लिहावे लागते.