मोटारीच्या दिव्यांवरील व्हिनिल फिल्म

मोटारीच्या पुढच्या व मागच्या दिव्यांच्या वक्र पृष्ठभागावर चिकटवायचे पातळ प्लॅस्टिकचे आवरण. ते रंगीत, धुरकट किंवा पारदर्शक असते. दिव्याचे रूप बदलणे किंवा त्याला ऊन व ओरखड्यांपासून जपणे हा हेतू. प्रत्यक्षात गिऱ्हाईक बहुधा रूपासाठीच येते. मुंबईच्या उपनगरांत हे काम कार डेकोरच्या दुकानांत होते आणि रिक्षांवर नावे व पट्टे कापून चिकटवणारे रेडियमवालेही ते करतात. दोघांच्या कामातला फरक पट्ट्यावर दिसत नाही, दिव्यावर लगेच दिसतो.

दिवे झाकणे शहराला नवे नाही. १९७१च्या युद्धात ब्लॅकआउट असताना मुंबईत मोटारींच्या दिव्यांचा वरचा भाग काळा केला जाई. तेव्हाचे दिवे साधे होते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या फिएट मोटारीला पुढे गोल, खऱ्या काचेचे दिवे असत. आजच्या मोटारीत ‘लाइटची काच’ म्हणतात ती पॉलिकार्बोनेट असते. तिच्यावर अतिनील किरणांपासून रक्षण करणारा कडक थर असतो. हा थर झिजला की दिवा पिवळा व मंद पडतो. विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगर, टागोर नगर या वसाहतींच्या जुन्या इमारतींना आच्छादित पार्किंग नाही. तिथल्या मोटारी वर्षानुवर्षे उन्हात उभ्या राहतात, शिवाय खाडीची दमट हवा आणि पूर्व द्रुतगती मार्गाची धूळ. पिवळटपणा फिल्मखाली लपवावा असे मालकाला वाटते ते यामुळे. पण फिल्मने तो जात नाही. आधी बारीक पाण्याच्या कागदाने (ओल्या सँडपेपरने) घासून आणि पॉलिश करून काच स्वच्छ करावी लागते, मगच पारदर्शक फिल्मचा उपयोग.

या कामातली खरी अडचण भूमितीची आहे. सपाट कागद नळकांड्यावर सुरकुती न पडता गुंडाळता येतो, चेंडूवर येत नाही. एकाच वेळी दोन दिशांना वळणारा पृष्ठभाग न ताणता, न दुमडता सपाट करता येत नाही, हे गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७मध्ये सिद्ध केले. हल्लीचा हेडलाइट बॉनेटवर चढतो, बाजूला मडगार्डकडे वळतो आणि खाली बंपरकडे उतरतो, म्हणजे नेमका तसाच पृष्ठभाग. त्यावर फिल्म बसवायची तर ती मध्ये ताणावी लागते, नाहीतर कडेला जादा माल गोळा होऊन सुरकुत्या पडतात.

म्हणून माल कोणता, याला महत्त्व आहे. कॅलेंडर्ड व्हिनिल गरम रुळांमधून दाबून, ओढून बनते. ताणलेले असतानाच थंड झाल्याने ते पुढे आक्रसू पाहते आणि काही महिन्यांत कडा सोडते. कास्ट व्हिनिल द्रवरूपात पातळ ओतून भट्टीत सुकवतात. त्यात अंगचा ताण कमी, जाडीही साधारण ५० मायक्रॉन, त्यामुळे ते वळणावर निमूट बसते. पारदर्शक संरक्षणासाठी व्हिनिलपेक्षा टीपीयू (थर्मोप्लॅस्टिक पॉलियुरेथेन) फिल्म बरी. ती सुमारे १५० ते २०० मायक्रॉन जाड, पण लवचीक असते. स्वस्त कॅलेंडर्ड माल दिव्याला लावू नये. तो सपाट दारांसाठी ठीक.

दिवा धुऊन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. तेलाचा अंश राहिला तर तिथे गोंद धरत नाही. मग पाण्यात बेबी शाम्पूचे थोडे थेंब टाकून दिवा आणि फिल्मची गोंदाची बाजू दोन्ही ओली करतात, म्हणजे फिल्म सरकवून जागेवर आणता येते. आधी मधला भाग बसवून स्क्वीजीने पाणी बाहेर काढतात. कडांकडे जाताना हीट गनची ऊब देत फिल्म थोडी थोडी ओढतात. हीट गन एका जागी धरायची नाही. पॉलिकार्बोनेट १४७ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते आणि त्याचा वरचा थर त्याआधीच बिघडू शकतो. ओढण्याचा मोह आवरणे ही कारागिराची कसोटी. जास्त ताणलेली फिल्म पातळ होते, रंग फिका पडतो आणि रात्री दिवा लागल्यावर तो पट्टा वेगळा उठून दिसतो. शेवटी कडेची फिल्म ब्लेडने कापतात. ब्लेडचा दाब काचेवर पडला तर ओरखडा कायमचा राहतो. पावसाळ्यात फिल्मखालचे पाणी सुकायला वेळ लागतो, म्हणून गाडी लगेच धुऊ नये.

धुरकट फिल्मबद्दल नि:संदिग्धपणे सांगावे लागेल : मागच्या दिव्यावर ती नको. ३५ टक्के प्रकाश जाऊ देणाऱ्या फिल्ममुळे ब्रेक लाइटचा सुमारे एकतृतीयांश प्रकाशच बाहेर येतो. दिव्यातल्या परावर्तकाचे तर याहून वाईट. मागच्या गाडीचा प्रकाश फिल्ममधून आत जातो आणि परत बाहेर येतो, म्हणून मूळच्या जेमतेम १२ टक्के उरतो. जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्यावर पावसाळी रात्री बंद पडलेल्या गाडीचा हाच परावर्तक मागच्याला दिसायचा असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ नुसार मागचा तांबडा दिवा १५५ मीटरांवरून दिसला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा काळ्या फिल्मबद्दलचा निकाल मात्र खिडक्यांच्या काचांविषयीचा, नियम १०० वर आधारलेला आहे; ‘बंदी फक्त खिडक्यांना’ असा त्याचा सोयीचा अर्थ काढून दिवे झाकणाऱ्यांना नियम १०५ विसरता येत नाही.

पुढच्या दिव्यांवरील पिवळ्या फिल्मची आवड फ्रान्सच्या जुन्या मोटारींवरून आली असावी. तिथे १९९३पर्यंत पिवळा हेडलाइट सक्तीचा होता. पिवळी फिल्म धुक्यात जादा उजेड देते हा समज चुकीचा आहे. फिल्म निळा प्रकाश शोषून घेते, नवा प्रकाश निर्माण करत नाही.

फिल्म काढताना ती आधी ऊन करतात आणि लहान कोनात, सावकाश मागे ओढतात. राहिलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. घाई करून थिनर चोळल्यास पॉलिकार्बोनेटमध्ये केसासारखे तडे जातात आणि पूर्ण दिवाच बदलावा लागतो.