तळटीप : हळदीच्या बेण्याला लावायचा स्यूडोमोनास

वसमत, औंढा भागात कंदकूज टाळण्यासाठी लागवडीपूर्वी बेणेप्रक्रियेत वापरतात तो जिवाणू स्यूडोमोनास फ्लुरोसन्स. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा त्याच्याच गोत्रातला. जळिताच्या जखमा चिघळवणारा, अतिदक्षता विभागात अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारा. दोघांच्या आडनावामुळे शेतकऱ्याच्या मनात शंका येते आणि ती रास्तच आहे. एरुजिनोसाचा जनुकसंच 2000 मध्ये वाचला गेला : सुमारे 63 लाख आधारजोड्या. 2002 मध्ये याच गोत्रातल्या, मातीत व मुळांलगत राहणाऱ्या पुटिडाचा संच त्याच्याशी ताडून पाहिला, तेव्हा सुमारे 85 टक्के जनुके सामाईक निघाली. फरक उरलेल्यांत होता. एक्झोटॉक्सिन-ए हे विष आणि यजमानाच्या पेशीत सुईसारखी घुसून प्रथिने सोडणारी यंत्रणा, दोन्हींची जनुके पुटिडात नव्हती. लोह मिळवण्याची, अन्नद्रव्ये आत घेण्याची साधने मात्र दोघांकडेही. मुळाशी टिकायला ती लागतात, तशी जखमेतही. म्हणून निव्वळ गोत्रावरून निवाडा करू नये. एरुजिनोसाही मातीत, पाण्यात सापडतो. बेण्यासाठी संवर्धक घेताना पुडीवर केवळ ‘स्यूडोमोनास’ न पाहता जातीचे पूर्ण नाव वाचून घ्यावे. – संपादक