बिब्बा : एका उष्ण फळाची कथा

आंबा पाण्यांत घालून ठेवल्यावांचून खाऊं नये, गरोदर बाईनें पपई वर्ज्य करावी, थंडींत खारीक-खजूर अवश्य खावें, हे नियम महाराष्ट्रांतील घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. फळाची ही उष्णता हाताला लागत नाहीं, तर पोटांत गेल्यावर कळते. आयुर्वेद तिला 'वीर्य' म्हणतो. चिनी वैद्यकानेंही द्रव्यांचे शीत, थंड, ऊबदार व उष्ण असे स्वभाव मानले. तेथें लिची ऊबदार, तर नासपती व कलिंगड शीत समजतात.

भंडारा जिल्ह्यांतील आसगावचा मुलूख वैनगंगेच्या खोऱ्यांतला. भाताचा, तळ्यांचा आणि रानाचा. या रानांतील उष्ण फळांचा राजा म्हणजे बिब्बा. काळें, चपटें, हृदयाकृति फळ आणि त्याला चिकटलेला नारिंगी मांसल देंठ. या देंठाला लोक 'बिब्ब्याचें फूल' म्हणतात, वाळवून खातातही. वस्तुतः तें फूल नव्हे. परटाला कपड्यांवर न पुसणारी खूण करावयास याच फळाचा रस लागे. चालत्या कामांत मोडता घालणाऱ्यास 'बिब्बा घातला' असें मराठी माणूस म्हणतो, तें उगीच नव्हे.

चरकसंहितेनें बिब्ब्याला अग्नीसमान तीक्ष्ण म्हटलें, आणि विधिपूर्वक घेतल्यास अमृतासमानही म्हटलें. तो विधि पाहण्याजोगा आहे. ज्येष्ठ-आषाढांत निर्दोष, पक्व फळें गोळा करून चार महिने जवाच्या अथवा उडदांच्या राशींत ठेवावयाचीं. प्रयोगाचा आरंभ मार्गशीर्ष वा पौषांत, तोही शीत, स्निग्ध व मधुर पदार्थांनीं शरीर आधीं सिद्ध करून. दहा फळांच्या काढ्यापासून प्रारंभ. रोज एक वाढवीत तिसांपर्यंत जावें, त्यापुढें मुळींच नाहीं, मग त्याच क्रमानें उतरावें. काढा पिण्यापूर्वीं तोंडाला आंतून तूप लावावें, आणि तो पचल्यावर तूपदुधासह भात खावा. एवढ्या पथ्यांतून ग्रंथकाराचा आदर दिसतो, आणि त्याहून अधिक भीति दिसते. लोकांनीं मात्र 'उष्ण' एवढाच शब्द लक्षांत ठेवला. दूध, तूप आणि वैद्याची देखरेख गाळली. म्हणूनच 'बिब्बा उतला' हे शब्द घरोघर ठाऊक झाले.

या उतण्याचें कारण आतां रसायनशास्त्रानें सांगितलें आहे. बिब्बा आंब्या-काजूच्याच कुळांतला. त्याच्या टरफलांतील दाहक तेल चीनमधील लाखेच्या झाडाच्या चिकांतील द्रव्याशीं जवळचें आहे. तो चीकही त्वचेवर फोड आणतो, आणि चिनी वैद्यांनीं तो वाळवून, ऊबदार पण विषारी म्हणून, औषधांत घेतला. दोन्ही देशांच्या वैद्यांना एकाच कुळांतील विषाचा उपयोग सुचावा, हें नवलच होय.

टरफलाच्या आंत मात्र गोडंबी असते, आणि ती हिवाळ्यांत डिंकाच्या लाडवांत पडते. शहरांतील पुष्कळ घरांत ती वाण्याकडून पांढरी, स्वच्छ, पुडींत बांधून येते. तेलाचा डागसुद्धां तिच्यावर नसतो. तो डाग तिच्यासाठीं बिब्बे फोडणाऱ्या बायकांच्या हातांवर राहतो. विदर्भांत हें काम बहुधा गरीब घरांतल्या बायका करतात. दगडावर एकेक बिब्बा ठेवून त्या घाव घालतात. हातांना राख वा तेल चोळलेलें असतें, तरी तेल उडतेंच. बोटें काळीं पडतात, कातडी सोलते, कधीं चेहऱ्यावरही फोड येतात. उतलेले हात बरे होण्यापूर्वींच पुढचें पोतें दारांत येऊन पडतें.