पार्नेलने पद सोडावयास हवे होते काय?



पुढाऱ्याचे खाजगी वर्तन उजेडात आले की त्याने अधिकारपद सोडावे की नाही, हा वाद जेथे लोकसत्ता आहे तेथे पुनःपुन्हा उपस्थित होतो. दोन्ही पक्ष ठरलेले असतात. एक म्हणतो, जो घरच्या विश्वासाला जागला नाही तो देशाच्या विश्वासाला काय जागणार? दुसरा म्हणतो, त्याच्या शेजघराशी आम्हांला काय कर्तव्य आहे? आम्ही मते दिली ती कारभारासाठी. दोन्ही बोलणी ऐकताना खरी वाटतात, आणि म्हणूनच त्यांतून निर्णय निघत नाही. अशा वेळी घडलेले एखादे प्रकरण मुळापासून तपासावे हे बरे.

मी आज आयर्लंडच्या चार्ल्स स्ट्यूअर्ट पार्नेलचे प्रकरण घेतले आहे. होमरूल हा शब्द आपल्याला परका नाही. १९१६ साली लोकमान्यांनी बेळगावास होमरूल लीगची स्थापना केली, तेव्हा ते नाव आयर्लंडच्या चळवळीवरूनच घेतले होते. त्या शब्दाला ब्रिटिश पार्लमेंटात वजन मिळवून दिले ते या पार्नेलने. १८४६ साली जन्मलेला हा प्रॉटेस्टंट जमीनदार १८८० मध्ये आयरिश पक्षाचा अध्यक्ष झाला. १८८५ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाने ८६ जागा जिंकल्या, आणि इंग्लंडात कोणाचे सरकार टिकावे हे ठरविण्याची शक्ती त्याच्या हाती आली. १८८६ साली ग्लॅडस्टनने होमरूलचे बिल आणले. ते ३१३ विरुद्ध ३४३ मतांनी पडले, पण लिबरल पक्ष आणि आयरिश पक्ष यांची युती मात्र टिकली.

पुढे १८८७ मध्ये 'टाइम्स' पत्राने पार्नेलचा खुनी लोकांशी संबंध दाखविणारी पत्रे छापली. चौकशी झाली, आणि फेब्रुवारी १८८९ मध्ये ती पत्रे पिगॉट नावाच्या माणसाने बनावट तयार केल्याचे उघड झाले. पार्नेल कॉमन्स सभेत आला तेव्हा विरोधी बाकांवरचे सभासदही उभे राहिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो ग्लॅडस्टनच्या हॉवर्डन येथील घरी पाहुणा म्हणून जाऊन पुढील बिलाची बोलणी करून आला. यानंतर आठवडाही गेला नाही तोच, २४ डिसेंबर १८८९ रोजी, कॅप्टन विल्यम ओशे याने घटस्फोटाची फिर्याद दाखल केली आणि तीत पार्नेलला गोवले.

ओशेची पत्नी कॅथरिन हिच्याशी पार्नेलचा संबंध १८८० पासूनचा. नवरा-बायको वेगळी राहत होती. पार्नेलपासून तिला तीन मुले झाली. त्यांतले पहिले तान्हेपणीच गेले. कॅप्टनला काही ठाऊक नव्हते असे म्हणवत नाही, कारण १८८१ मध्येच त्याने पार्नेलला द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले होते. पण कॅथरिनची वृद्ध मावशी श्रीमंत होती. तिच्या वारशावर डोळा ठेवून सारेच गप्प बसले. मावशी १८८९ च्या मे महिन्यात वारली, पैसा एकट्या कॅथरिनला मिळाला, आणि मग कॅप्टनची नीती जागी झाली.

बरे, इतरांना तरी हे नवीन होते काय? ग्लॅडस्टनच्या मंत्रिमंडळातील मंडळींच्या कानावर ही गोष्ट १८८२ पासून होती. किंबहुना पार्नेल आणि ग्लॅडस्टन यांच्यामधले कित्येक निरोप याच बाईंच्या हातून जात येत. तोपर्यंत कोणाला विटाळ झाला नाही.

खटला नोव्हेंबर १८९० मध्ये चालला आणि दोन दिवसांत आटोपला. पार्नेलने बचाव केलाच नाही, कारण घटस्फोट होऊन आपल्याला तिच्याशी लग्न करता यावे हीच त्याची इच्छा होती. परिणाम असा झाला की कॅप्टनचे म्हणणे उलटतपासणीवाचून खरे ठरले. पार्नेल आगीच्या वेळी उतरावयाच्या शिडीवरून पळाला, ही मोलकरणीने सांगितलेली गोष्ट घरोघर हशा पिकवीत फिरली. राष्ट्राचा पुढारी एका आठवड्यात तमाशातला सोंगाड्या झाला.

२५ नोव्हेंबरला आयरिश पक्षाने त्याला पुन्हा अध्यक्ष निवडले. परंतु ग्लॅडस्टनचे एक पत्र त्यानंतर प्रसिद्ध झाले. पार्नेल राहिला तर लिबरल पक्षाचे आपले नेतृत्व जवळजवळ निरर्थक होईल, असा त्याचा आशय होता. त्या पत्रात पापपुण्याचा निवाडा नव्हता. आपले धर्मनिष्ठ मतदार आता मते देणार नाहीत, एवढा हिशेब होता. पार्नेलने उत्तरादाखल जाहीरनामा काढला आणि हॉवर्डनची खाजगी बोलणी चव्हाट्यावर मांडली. मग पार्लमेंटच्या पंधरा नंबरच्या खोलीत १ ते ६ डिसेंबर असे वादंग चालले. मध्येच आयरिश बिशपांनी पार्नेलविरुद्ध निर्णय दिला. शेवटी ४५ सभासद बाहेर पडले. त्याच्याजवळ तिसाहूनही कमी उरले. पुढील तीन पोटनिवडणुकांत त्याचे उमेदवार पडले. जून १८९१ मध्ये त्याने कॅथरिनशी लग्न केले आणि ६ ऑक्टोबरला, वयाच्या ४५ व्या वर्षी, तो मरण पावला. १८९३ चे होमरूल बिल लॉर्डांनी ४१ विरुद्ध ४१९ मतांनी फेटाळले. फुटलेला आयरिश पक्ष १९०० सालापर्यंत सांधला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. माझे मत असे की पार्नेलने पद सोडावयास हवे होते. पण ज्या कारणासाठी लोकांनी मागणी केली त्या कारणासाठी नव्हे.

दोन गोष्टी पाहा. फेब्रुवारी १८८६ मध्ये गॉलवे येथे पोटनिवडणूक होती. पक्षाची शपथ घ्यायलाही तयार नसलेल्या या कॅप्टन ओशेला पार्नेलने तेथे उमेदवार म्हणून लादले. हीली आणि बिगर या त्याच्याच सहकाऱ्यांनी उघड विरोध केला. पार्नेलने आपले सारे वजन खर्ची घालून तो मोडून काढला. ओशे निवडून आला, आणि चार महिन्यांनी होमरूल बिलावर मत देण्याची वेळ आली तेव्हा मत न देताच निघून गेला. खाजगी कारणासाठी राष्ट्राची जागा दिली गेली असा संशय तेव्हाच उठला होता, आणि तो कधी पुसला गेला नाही. दुसरी गोष्ट मायकेल डेव्हिटची. या कष्टाळू, तुरुंग भोगलेल्या देशभक्ताला पार्नेलने सांगितले होते की या खटल्यातून आपण निष्कलंक बाहेर येऊ. डेव्हिटने विश्वास ठेवला, त्याची बाजू घेतली, आणि तोंडघशी पडला. मग त्यानेच पार्नेलला काही काळ दूर होण्याची विनंती केली. त्या विनंतीत द्वेष नव्हता, शहाणपण होते.

प्रेम हा पार्नेलचा सार्वजनिक अपराध नव्हे. गॉलवेची जागा आणि डेव्हिटला दिलेला शब्द, हे त्याचे सार्वजनिक अपराध. आणि शेवटी आपण बाजूला झालो तर राष्ट्र बुडेल, असे मानून त्याने राष्ट्राची संघटनाच बुडविली, हा तिसरा.

इंग्लंडातच १९६३ साली हीच कसोटी पुन्हा लागली. युद्धमंत्री जॉन प्रोफ्यूमो याने क्रिस्टीन कीलर हिच्याशी काही अनुचित घडले नाही, असे २२ मार्चला पार्लमेंटात सांगितले. सोव्हिएत वकिलातीतील एका आरमारी अधिकाऱ्याशीही तिची ओळख असल्यामुळे प्रकरण अधिकच गंभीर झाले. ५ जूनला प्रोफ्यूमोने आपण सभागृहाला खोटे सांगितल्याची कबुली देऊन राजीनामा दिला. त्यानंतर २००६ मध्ये मरेपर्यंत त्याने राजकारणात पाऊल ठेवले नाही. लंडनच्या गरीब वस्तीतील टॉइन्बी हॉल या संस्थेची सेवा करण्यात उरलेले आयुष्य घालविले. तो गेला तो खोटेपणासाठी, आणि मान परत मिळाला तो गुपचूप केलेल्या सेवेमुळे.

तेव्हा पुढाऱ्याला विचारावयाचे प्रश्न असे : अधिकार वापरून हे झाकले काय? ज्यांना खरे कळण्याचा हक्क होता त्यांच्याशी खोटे बोललात काय? आपल्या राहण्याने हाती घेतलेले काम बुडते काय? एकाचेही उत्तर होय असेल तर जावे, आणि लवकर जावे. जेथे स्त्रीवर बळजबरी झाली असेल तेथे तर हा वादच नाही. तो गुन्हा आहे आणि त्याची जागा न्यायालयात आहे.

आणखी एक सांगून संपवितो. या गदारोळात कॅथरिनला कोणी काही विचारले नाही. तिच्या घरच्यांनी कधी न वापरलेले 'किटी' हे नाव तिला चिकटविले गेले आणि त्यावर विनोद झाले. ती १९२१ साली वारली. आजही लोक तिला त्याच नावाने ओळखतात. पुढाऱ्याचा न्याय करण्याचा हक्क समाजाला आहे. पण आठ वर्षे जाणून बुजून गप्प राहायचे आणि गोष्ट छापून आली की नीतीचे सोवळे नेसायचे, याला न्याय म्हणत नाहीत. त्या समाजाने पार्नेलला घालविले, पण गॉलवेचा जाब मात्र त्याला धडपणे कधी विचारलाच नाही.