आर्डुइनो उनो बोर्डची लॅपटॉपशी जोडणी

आर्डुइनो उनो हा विद्यार्थी व हौशी तंत्रज्ञ यांच्यात प्रचलित असलेला मायक्रोकंट्रोलर बोर्ड आहे. त्यावर चालणारा प्रोग्राम लॅपटॉपवर लिहिला जातो आणि यूएसबी केबलमधून बोर्डवर चढवला जातो. ही एकच केबल बोर्डला ५ व्होल्ट वीज पुरवते, प्रोग्राम पोहोचवते आणि नंतर बोर्ड व लॅपटॉप यांच्यातील संदेशांची ने-आणही करते.

पार्श्वभूमी

आर्डुइनो प्रकल्प २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ येथील इंटरॲक्शन डिझाइन इन्स्टिट्यूट या संस्थेत सुरू झाला. मास्सिमो बान्झी हे त्याच्या संस्थापकांपैकी एक होत. त्याच संस्थेतील विद्यार्थी एर्नांदो बार्रागान यांचा 'वायरिंग' हा प्रकल्प आर्डुइनोचा पाया ठरला. कोऱ्या मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोग्राम भरण्यासाठी सामान्यतः 'प्रोग्रामर' नावाचे वेगळे उपकरण लागते. आर्डुइनोच्या चिपमध्ये 'बूटलोडर' हा छोटा प्रोग्राम आधीच भरलेला असल्याने ती गरज उरत नाही. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सचे औपचारिक शिक्षण नसलेल्यांनाही हे तंत्र हाताळता येऊ लागले. उनो हा बोर्ड २०१० मध्ये आला. इटालियन भाषेत 'उनो' म्हणजे 'एक'.

रचना

बोर्डवरील मुख्य चिप ॲटमेगा ३२८पी ही असून ती १६ मेगाहर्ट्झ गतीने चालते. तिच्या ३२ किलोबाइट फ्लॅश स्मृतीपैकी अर्धा किलोबाइट बूटलोडरने व्यापलेला असतो. या चिपला यूएसबीची भाषा कळत नाही. ती सीरियल पद्धतीने, म्हणजे एकामागून एक बिट पाठवून, संवाद साधते. म्हणून बोर्डवर दुभाष्याचे काम करणारी दुसरी चिप असते. उनोच्या तिसऱ्या आवृत्तीत ती ॲटमेगा १६यू२ आहे. अन्य उत्पादकांच्या स्वस्त प्रतिकृतींमध्ये बहुधा सीएच३४० ही चिप आढळते.

जोडणीची पद्धत

१. लॅपटॉपवर आर्डुइनो आयडीई हे मोफत सॉफ्टवेअर बसवावे.
२. बोर्ड लाकूड किंवा पुठ्ठा अशा वीजरोधक पृष्ठभागावर ठेवावा. धातूच्या पृष्ठभागावर खालच्या बाजूचे सांधे एकमेकांस जोडले जाण्याचा धोका असतो.
३. यूएसबी केबल जोडावी. बोर्डवरील 'ऑन' दिवा लागला म्हणजे वीज पोहोचली असे समजावे.
४. आयडीईमधील यादीतून बोर्डचा प्रकार आणि पोर्ट निवडावा. विंडोजमध्ये पोर्टचे नाव 'कॉम' व त्यापुढे क्रमांक असे दिसते.
५. आयडीईतील उदाहरणांमधून 'ब्लिंक' हा प्रोग्राम उघडून 'अपलोड' ही कळ दाबावी. बोर्डवरील १३ क्रमांकाच्या पिनशी जोडलेला दिवा एक सेकंद चालू व एक सेकंद बंद होऊ लागल्यास जोडणी यशस्वी झाली.

प्रोग्राम चढण्याची प्रक्रिया

आर्डुइनोच्या परिभाषेत प्रोग्रामला 'स्केच' म्हणतात. आयडीई प्रथम स्केचचे यंत्रभाषेत रूपांतर करते. त्यानंतर लॅपटॉप पोर्ट उघडून बोर्डला 'रीसेट'चा संकेत देतो. रीसेट होताच बूटलोडर जागा होतो आणि सुमारे एक सेकंद नव्या प्रोग्रामची वाट पाहतो. तेवढ्या अवधीत योग्य संकेत आला, तर तो येणारी माहिती फ्लॅश स्मृतीत लिहितो. न आल्यास आधीचाच प्रोग्राम सुरू होतो. फ्लॅश स्मृतीतील प्रोग्राम वीज गेल्यावरही टिकतो. म्हणून एकदा प्रोग्राम चढवल्यानंतर बोर्ड लॅपटॉपपासून वेगळा करून योग्य वीजस्रोतावर स्वतंत्रपणे चालवता येतो.

सामान्य अडचणी

नवशिक्यांना प्रोग्राम चुकला असे वाटते, तेव्हा दोष अनेकदा जोडणीच्या मार्गात असतो. त्यामुळे केबलपासून चिपपर्यंत क्रमाने तपासणी करणे श्रेयस्कर ठरते.

• दिवा लागतो, पण पोर्ट दिसत नाही: केबल केवळ चार्जिंगची असू शकते. अशा केबलमध्ये माहिती वाहणाऱ्या तारा नसतात. केबल योग्य असूनही पोर्ट न दिसल्यास प्रतिकृती बोर्डसाठी सीएच३४०चा ड्रायव्हर बसवावा लागू शकतो.
• पोर्ट दिसतो, पण उघडत नाही: दुसरे एखादे सॉफ्टवेअर तो वापरत असू शकते. उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालींमध्ये वापरकर्त्याचा समावेश 'डायलआउट' या गटात असावा लागतो.
• बोर्ड प्रतिसाद देत नाही: निवडलेला बोर्ड व पोर्ट पुन्हा तपासावेत. ० व १ या पिना लॅपटॉपशी संवादासाठी वापरल्या जातात. त्यांना जोडलेले उपकरण अपलोडच्या वेळी काढून ठेवावे.
• बूटलोडर नष्ट झाला आहे: दुसऱ्या उनोचा प्रोग्रामर म्हणून उपयोग करून तो पुन्हा भरता येतो.

सुरक्षितता

यूएसबीतून ५०० मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह ओढला गेल्यास बोर्डवरील फ्यूज वीज तोडतो आणि अतिरिक्त भार दूर झाल्यावर पूर्ववत होतो. तरीही मोटारीसारख्या अधिक प्रवाह घेणाऱ्या उपकरणांना स्वतंत्र वीजपुरवठा द्यावा आणि त्याचा ग्राउंड बोर्डच्या ग्राउंडशी जोडावा. परिपथातील तारा बदलताना केबल काढून ठेवणे हितावह असते.