प्रादेशिक सेना आणि रजेचा प्रश्न



'रजा' हा शब्द मूळ अरबी. त्याचा मूळ अर्थ संमती, मर्जी. नोकर रजा मागतो म्हणजे धन्याची संमती मागतो. परंतु धन्याहून वरचढ असे राज्यच जेव्हा त्या नोकराला वर्दी चढवावयास बोलावते, तेव्हा संमती कोणाची आणि त्या दिवसांचा पगार कोणी द्यावयाचा? मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या या बेळगावात सैनिकांचे कौतुक पुष्कळ झाले. या प्रश्नाकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

इंग्रजी अमदानीत १९२० साली हिंदी लोकांसाठी 'टेरिटोरियल फोर्स' आणि युरोपियन व अँग्लो-इंडियनांसाठी निराळे 'ऑक्झिलियरी फोर्स' अशी विभागणी झाली. पंक्तिभेद तिथेही होताच! स्वातंत्र्यानंतर १९४८ साली प्रादेशिक सेनेचा कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. माणसाने पोटाचा धंदा सोडू नये, वर्षातून काही दिवस कवायत करावी आणि संकटकाळी पाचारण होताच रुजू व्हावे, ही त्यामागील कल्पना.

या कायद्याचे ७-अ हे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते. सेवा संपवून आलेल्या माणसाला मालकाने परत कामावर घ्यावे, आणि नोकरीत खंड पडला नसता तर ज्या अटी त्याला लागू झाल्या असत्या त्यांहून कमी प्रतीच्या अटींवर घेऊ नये, असे ते सांगते. १९५२ च्या दुरुस्तीने वीस ते चाळीस वयाच्या सरकारी व सार्वजनिक उपयोगाच्या सेवांतील नोकरांवर या सेवेचे दायित्वच टाकले. आपल्याच नोकरांना बोलावण्याचा अधिकार सरकारने घेतला, तेव्हा त्यांचा शिबिरकाळ कर्तव्यकाळ धरणेही त्याला भाग होते. खासगी मालकाने पगार चालू ठेवावा, असे मात्र कलम ७-अ म्हणत नाही. जागा राखावी एवढेच म्हणते.

अनुदानित शाळेतील शिक्षक या दोहोंच्या मधोमध सापडला. पगाराचा पैसा बव्हंशी सरकारी, नेमणूक संस्थेची.

मला भूमिती शिकवणारे सर असेच सापडले. १९६५ च्या सप्टेंबरात त्यांना पाचारण झाले, तेव्हा मी शाळकरी विद्यार्थी होतो. सीमाभाग त्या वेळी म्हैसूर राज्यात होता. सर सात महिन्यांनी परतले, जागा मिळाली, हारतुरेही झाले. पुढे मी प्राध्यापक झाल्यावर त्यांनी मला आपले सेवापुस्तक दाखवले. त्यात ते सात महिने 'बिनपगारी रजा' म्हणून नोंदलेले होते आणि वेतनवाढ तितकीच पुढे ढकललेली होती. लष्करी वेतन शाळेच्या पगाराहून कमी पडे; ती तूट घराने सोसली, याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. वेतनवाढ ढकलणे मात्र, माझ्या वाचनाप्रमाणे, कलम ७-अ च्या सरळ विरुद्ध होते. संबंधित कचेरीने ते कलम उघडून पाहिले असेल असे मला वाटत नाही. अर्ज का केला नाहीत, असे मी विचारले. "कलम ठाऊक कोणाला होते?" सर म्हणाले.

१९७१ मध्ये त्यांना पुन्हा बोलावणे आले. या खेपेस निघण्यापूर्वी त्यांनी आपल्या खाती किती रजा शिल्लक आहे ते कारकुनाकडून लिहून घेतले आणि तो कागद पत्नीच्या स्वाधीन केला.